चाकणला क्वालिटीत नोकरी शोधणारा एक रेझ्युमे: फोन का येत नव्हता

उमेदवार चोवीस वर्षांचा, सांगली जिल्ह्यातला. २०२१ साली मेकॅनिकलचा डिप्लोमा, त्यानंतर एक वर्ष अप्रेंटिस, मग सव्वादोन वर्षं चाकणच्या एका मशिनिंग करणाऱ्या कारखान्यात लाइन इन्स्पेक्टर, म्हणजे उत्पादन चालू असतानाच नग मापून तपासणारा. तीही नोकरी कंत्राटदाराच्या पेरोलवर. मार्च २०२५ला कंत्राट संपलं. भोसरीत कॉट बेसिसवर राहून एप्रिल, मे, जून असे तीन महिने तो रोज दोन-चार ठिकाणी अर्ज टाकत होता. पोर्टलवरून, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवरून, गेटवर रांग लावूनही. फोन दोनच आले, त्यातला एक विमा विकायच्या नोकरीचा.

काम येत नव्हतं अशातला भाग नाही. गेज (मापायचं उपकरण) हातात दिलं की बोअर, म्हणजे नगाचं आतलं भोक, मापून दाखवणारा मुलगा. अडत होतं ते कागदावर.

हे प्रकरण एकाच माणसाचं नाही हे आधीच सांगितलेलं बरं. चाकण, तळेगाव, भोसरी, रांजणगाव या पट्ट्यात डिप्लोमा झालेल्या मुलांच्या रेझ्युमेत जे दोष पुन्हा पुन्हा दिसतात, ते इथं एका कागदावर गोळा केले आहेत. आकडे हिशेब समजावण्यापुरते आहेत.

चुकांच्या याद्या कुठंही मिळतात. त्यांत स्पेलिंगची चूक आणि तारखेची चूक एकाच रांगेत बसवलेली असते, आणि घोळ तिथंच होतो. रेझ्युमे एकदा वाचला जातो आणि संपलं, असं नसतं. आधी तो पोर्टलच्या शोधात सापडावा लागतो. मग एचआरमधलं कुणीतरी त्यावर नजर टाकतं. मग क्वालिटीचा मॅनेजर वाचतो आणि त्यातूनच प्रश्न काढतो. शेवटी पडताळणीवाले तो कागदपत्रांशी लावून बघतात. या मुलाचा रेझ्युमे पहिल्याच दारात अडकला होता. पण सगळ्यात महागात पडणारी चूक चौथ्या दारात वाट बघत बसली होती, आणि तिचा त्याला पत्ता नव्हता.

कागद कसा होता

दोन पानं. डावीकडे निळा पट्टा, त्यात गोल कापलेला फोटो, त्याखाली मोबाइल नंबर, मेल आणि ‘स्किल्स’च्या आडव्या पट्ट्या: मायक्रोमीटर ऐंशी टक्के, वर्निअर नव्वद टक्के, लीडरशिप शंभर टक्के. उजवीकडे सुरुवातीलाच ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’: आव्हानात्मक वातावरणात काम करून स्वतःची आणि संस्थेची प्रगती साधायची आहे, या अर्थाची तीन वाक्यं. झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर ही वाक्यं कायमची सेव्ह केलेली असतात. नाव बदललं की पुढचा गिऱ्हाईक. मग शिक्षणाचा तक्ता, त्यानंतर अनुभव अवघ्या चार ओळींत. दुसऱ्या पानावर वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, उंची, छंद, आणि शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ हे प्रतिज्ञापत्र, ठिकाण आणि सहीसकट.

हे दुसरं पान म्हणजे लग्नाच्या बायोडाट्याचा चुलतभाऊ. रास आणि गोत्र तेवढं राहिलं होतं. कारखान्याला यातलं काहीच लागत नाही. लागेल तेव्हा जॉइनिंगच्या फॉर्मवर ते विचारतात. आधार, पॅन आणि बँक खात्याचे नंबर मात्र काहीजण रेझ्युमेवरच टाकतात. हा कागद किती ग्रुपवर फिरेल याचा अंदाज नसताना तसं करू नये.

सगळं दुसरं पान काढलं. हातात एकच पान राहिलं. दोन-तीन वर्षांच्या अनुभवाला ते पुरतं.

शोधात न सापडणं

झेरॉक्सवाल्याकडची मूळ फाइल उडाली होती. म्हणून या मुलानं छापील प्रत मोबाइलच्या स्कॅनिंग अॅपने स्कॅन केली आणि तीच पीडीएफ तीन महिने सगळीकडे चढवली. ती पीडीएफ म्हणजे प्रत्यक्षात फोटो होता. माणसाला त्यात अक्षरं दिसतात, पण पोर्टलच्या यंत्राला ती मिळतीलच याची खात्री नसते. काही यंत्रणा फोटोतून अक्षरं काढतात, काही नाही. काढली तरी निळ्या पट्ट्यावरची पांढरी अक्षरं हमखास बिघडतात.

तपासायला अर्धा मिनिट लागतं. पीडीएफ कॉम्प्युटरवर उघडायची, कंट्रोल-एफ दाबून स्वतःचं आडनाव शोधायचं. सापडलं नाही तर फाइल फोटोच आहे. सापडलं तर पुढची पायरी: कंट्रोल-ए, कंट्रोल-सी, आणि रिकाम्या नोटपॅडमध्ये पेस्ट. तिथं जो मजकूर दिसेल, साधारण तसाच तो यंत्राच्या हाती पडतो. दोन रकान्यांच्या डिझाइनमध्ये इथंच गंमत होते. डावीकडची ‘मायक्रोमीटर’ ही ओळ उजवीकडच्या कंपनीच्या नावात घुसते, तारखा भलत्याच नोकरीला चिकटतात. स्किलच्या पट्ट्या म्हणजे चित्रं, ती तर गळूनच पडतात. (तशीही ऐंशी टक्के मायक्रोमीटर ही काय भानगड आहे, हे कुठल्याच क्वालिटी मॅनेजरला सांगता येणार नाही.) वर्डमध्ये पानाच्या हेडरमध्ये टाकलेला मोबाइल नंबर काही यंत्रणा वाचतच नाहीत, म्हणून नाव आणि नंबर पानाच्या मुख्य भागातच पहिल्या दोन ओळींत हवेत.

नवा रेझ्युमे वर्डमध्ये केला. एक रकाना, साधा फॉन्ट, अकरा आकाराची अक्षरं, मजकुराच्या चौकटी नाहीत, तक्ता नाही. ‘सेव्ह अॅज’मधून पीडीएफ. वर्डची मूळ फाइल स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवली, म्हणजे परत दुकान नको.

दुसरी अडचण शब्दांची. त्याने सगळीकडे ‘क्वालिटी चेकिंग’ लिहिलं होतं. एचआर शोधताना हा शब्द टाकत नाहीत. जागा ज्या कामाची असेल ते शब्द टाकतात: इनवर्ड इन्स्पेक्शन (बाहेरून आलेल्या मालाची तपासणी), इन-प्रोसेस (काम चालू असतानाची तपासणी), पीडीआय, सीएमएम (नगाची मापं घेणारं मशिन), पीपीएपी (नग ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायची कागदपत्रं), ८डी (तक्रारीचं मूळ शोधून ती मिटवायची पद्धत). हा मुलगा पीडीआय, म्हणजे माल पाठवण्याआधीची तपासणी, वर्षभर करत होता आणि पीडीआय ही तीन अक्षरं त्याच्या कागदावर कुठंच नव्हती. ज्या जागेला अर्ज करायचा तिची जाहिरात समोर ठेवायची, त्यातल्या ज्या कामाचा खरोखर अनुभव आहे ते जाहिरातीतल्याच शब्दांत लिहायचं. लघुरूप आणि पूर्ण रूप दोन्ही एकदा तरी यायला हवं, कारण शोधणारा कुठलं टाकेल सांगता येत नाही. पांढऱ्या शाईत जाहिरातीचा अख्खा मजकूर लपवून टाकायची एक युक्ती फिरते. नोटपॅडमध्ये पेस्ट केलं की ती उघडी पडते, त्यामुळे तिच्या नादाला न लागलेलं बरं.

तिसरी गोष्ट रेझ्युमेत नव्हतीच, पोर्टलवरच्या रकान्यांत होती. फाइल चढवली की काम झालं असं मुलांना वाटतं. एचआर आधी रकान्यांवर गाळणी लावतात: शहर, अनुभवाची वर्षं, नोटिस पिरियड. या मुलाने सध्याचं शहर ‘सांगली’ ठेवलं होतं, कारण आधारवर तोच पत्ता. पुणे निवडून शोधणाऱ्याला तो दिसणारच नव्हता. नोटिस पिरियड ‘३० दिवस’ होता, दोन वर्षांपूर्वी भरलेला, आणि प्रत्यक्षात गडी घरी बसलेला. लाइन इन्स्पेक्टरची जागा बहुतेकदा कुणीतरी अचानक सोडल्यामुळे निघते आणि कंपनीला माणूस सोमवारपासून हवा असतो. ‘लगेच रुजू होऊ शकतो’ हा या मुलाचा सगळ्यात मोठा फायदा, तोच लपलेला. शहर पुणे केलं, नोटिसचा रकाना बदलला, रेझ्युमेवर पत्ता फक्त ‘सध्या भोसरी, पुणे’ एवढाच ठेवला.

एचआरची नजर

इथं फार लिहिण्यासारखं नाही. मेल आयडी कॉलेजात असताना काढलेला, त्यात ‘किंग’ हा शब्द. नावाचा साधा आयडी काढला. दोन मोबाइल नंबर होते, त्यातला एक बंद, आणि बंदच आधी लिहिलेला. फाइलचं नाव ‘न्यू रेझ्युमे फायनल २’. एचआरच्या डाउनलोडमध्ये अशा नावाच्या वीस फाइली असतात. त्याऐवजी स्वतःचं नाव, ‘डिप्लोमा मेकॅनिकल’, ‘क्वालिटी’, इतकं पुरे.

एक गोष्ट मात्र पोर्टलवाल्या सल्ल्यांत सापडत नाही. एमआयडीसीत अजून गेटवर कागद द्यावा लागतो. सिक्युरिटी केबिनमध्ये तो घेतात, वर जाऊन त्याची झेरॉक्स निघते, आणि झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स. गडद निळ्या पट्ट्याचा झेरॉक्समध्ये काळा ठोकळा होतो आणि त्यावरचा मोबाइल नंबर जातो. पांढऱ्यावर काळं, एवढीच रंगसंगती तिथं टिकते. प्रत काढून बघावी, प्रतीची प्रतही काढून बघावी. चार रुपये खर्च.

टक्केवारीबद्दल दोन शब्द. डिप्लोमाला गुणपत्रिकेवर ६९.४ होते, रेझ्युमेवर ७०. मुलाखतीला गुणपत्रिका टेबलावर येतेच. साठ टक्क्यांची अट असलेल्या जागेला ६९.४ आणि ७० यांत काडीचा फरक नाही, पण जिथं आकडे वाढवायची सवय दिसते तिथं इन्स्पेक्शन रिपोर्टचं काय, असा विचार क्वालिटीवाले करतात. आणि तो रास्त आहे.

चार ओळींचा अनुभव

अनुभवाखाली मूळ मजकूर असा होता: उत्पादनाची क्वालिटी तपासण्याची जबाबदारी. वरिष्ठांना रिपोर्ट करणे. रिजेक्शन ५२ टक्क्यांनी कमी केले. ७ क्यूसी टूल्स, एसपीसी, एमएसए, एफएमईए, पीपीएपी, सीएमएम यांचे ज्ञान.

पहिल्या दोन ओळी कुठल्याही इन्स्पेक्टरला लागू पडतात, म्हणून कुणाबद्दलच काही सांगत नाहीत. काय तपासलं, कशाने, किती वेळाने, आणि माल नापास झाला तर पुढं काय केलं, हे चार प्रश्न त्याला विचारले. उत्तरं भराभर आली. तीन सीएनसी टर्निंग सेंटर. त्यांवर शाफ्ट आणि बुश. दर तासाला पाच नग. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलला की पहिला नग. बुशचा बोअर २२ एच७.

या शेवटच्या मापाशी थांबायला हवं. २२ मिलिमीटरला एच७ म्हणजे शून्य ते अधिक ०.०२१ मिलिमीटर एवढीच मोकळीक. मूळ रेझ्युमेत उपकरणांच्या यादीत सगळ्यात वर ‘वर्निअर’ होतं. नेहमीच्या वर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिलिमीटर. ज्या मापाची अख्खी मोकळीक २१ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ते २० मायक्रॉनच्या पायरीने मोजत होतो, असं तो कागद नकळत सांगत होता. क्वालिटीचा मॅनेजर इथंच हसतो आणि पुढचा रेझ्युमे घेतो. प्रत्यक्षात हा मुलगा बोअर डायल गेज आणि एअर गेज वापरत होता, सेटिंग रिंगवर शून्य लावून. त्याला ते इतकं रोजचं झालं होतं की लिहावंसंच वाटलं नाही. वर्निअर लिहिलं, कारण ते कॉलेजपासून ओळखीचं.

आता ‘५२ टक्के’. हिशेब असा होता: एका महिन्यात २०,००० नगांत बोअर ओव्हरसाइझमुळे ४६० नापास, म्हणजे २.३ टक्के. पाच महिन्यांनी २१,००० नगांत २३१, म्हणजे १.१ टक्का. २.३ वरून १.१ ही घट ५२ टक्क्यांची, हे गणिताने बरोबर. पण पाया न सांगता ५२ लिहिलं की वाचणाऱ्याला फेकाफेक वाटते. ‘२.३ वरून १.१ टक्क्यावर, ५ महिन्यांत’ असं लिहिलं की त्याच आकड्याला वजन येतं. पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख नगांत किती असं, लिहायचं तर २३,००० वरून ११,०००. कारखान्यात जे माप चालतं ते वापरावं, फक्त दोन्हींची सरमिसळ नको.

आणि ते कमी कशामुळे झालं? इन्सर्ट बदलल्यावर ऑपरेटर ऑफसेट (मशिनला दिलेली टूलच्या मापाची दुरुस्ती) न तपासता सायकल सुरू करायचा. तासाची तपासणी येईपर्यंत बरेच नग जाऊन बसायचे. याने लाइन लीडरला सांगून असा नियम बसवून घेतला की इन्सर्ट बदलल्यावर पहिला नग ओके होईपर्यंत मशिन थांबेल, आणि इन्सर्ट किती नगांनी बदलायचा तो आकडा बोर्डावर लावला. ही गोष्ट एका ओळीत बसते, आणि मुलाखतीत तिच्यावर दहा मिनिटं बोलता येतं. काम एकट्याचं नव्हतं, म्हणून ‘लाइन लीडरसोबत’ हे शब्द ठेवले. ते काढले असते तर पहिल्याच प्रश्नाला, ‘नियम तुम्ही बसवला? तुमच्या सहीने?’, तो अडखळला असता.

नोकरी सोडल्यावर हे आकडे आणायचे कुठून? काहीजणांच्या मोबाइलमध्ये कंपनीच्या बोर्डाचे फोटो असतात. ते दाखवायचे नाहीत, तो कंपनीचा माल आहे. आठवणीतला आकडा ‘सुमारे’ लावून लिहावा, आणि पाया सांगता येत नसेल तर आकडा न लिहिता काय बदललं तेवढं लिहावं. ग्राहक कंपनीचं नाव आणि ड्रॉइंग नंबर टाळले. ‘दुचाकी बनवणारा ग्राहक’ म्हटलं की काम भागतं. जो आधीच्या ग्राहकाची ड्रॉइंगं गावभर सांगतो तो उद्या आमचीही सांगेल, हे समोरच्याच्या मनात येतंच.

राहिली ती ‘ज्ञाना’ची ओळ. यातला प्रत्येक शब्द म्हणजे मुलाखतीतला एक प्रश्न, आपणच लिहून दिलेला. सीएमएम लिहिलं की ३-२-१ अलाइनमेंट, म्हणजे नग कसा ठेवला आहे ते मशिनला सांगायची पद्धत, विचारतात. हा मुलगा नग घेऊन सीएमएम रूमपर्यंत जायचा आणि रिपोर्ट घेऊन यायचा. एमएसए, म्हणजे मापण्याची पद्धत किती भरवशाची ते तपासणं, लिहिलं की गेज आर अँड आरची (उपकरणामुळे आणि मापणाऱ्यामुळे मापात पडणाऱ्या फरकाची) मर्यादा विचारतात: १० टक्क्यांच्या आत चांगलं, १० ते ३० मध्ये अटीवर, ३० च्या वर नापास. हे त्याला पाठ होतं, पण अभ्यास कधी केला नव्हता. एफएमईए, म्हणजे काय बिघडू शकतं याचा आधीच केलेला विचार, लिहिलं की हल्ली हटकून येणारा प्रश्न: आरपीएन वापरता की एपी? वाहन उद्योगाच्या २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए हँडबुकने आरपीएनच्या, म्हणजे धोक्याच्या गुणाकाराने येणाऱ्या आकड्याच्या, जागी अॅक्शन प्रायॉरिटी (एपी) आणली, हे ज्याने फाइल उघडून पाहिली आहे त्याला माहीत असतं. पीपीएपीत याने डायमेन्शनल (मापांचे) रिपोर्ट भरले होते, अठरा घटकांपैकी एक. बाकीचे सतरा दुसरंच कुणीतरी करायचं.

मग ती ओळ मोडून तिचे दोन भाग केले. जे स्वतः केलं ते, आणि ज्याचं फक्त प्रशिक्षण झालं ते. नवा मजकूर असा झाला (प्रत्यक्षात इंग्रजीत, इथं आशय मराठीत):

ट्रेनी (काम: लाइन इन्स्पेक्शन, इन-प्रोसेस आणि पीडीआय). जानेवारी २०२३ ते मार्च २०२५.
- तीन सीएनसी टर्निंग सेंटरवरील शाफ्ट व बुशची इन-प्रोसेस तपासणी, दर तासाला ५ नग. इन्सर्ट बदलल्यावर फर्स्ट पीस अप्रूव्हल.
- स्वतः वापरलेली उपकरणं: बोअर डायल गेज, एअर गेज, मायक्रोमीटर, स्नॅप व थ्रेड गेज, सरफेस रफनेस टेस्टर.
- बोअर ओव्हरसाइझचं रिजेक्शन लाइन लीडरसोबत सुमारे २.३ वरून १.१ टक्क्यावर, ५ महिन्यांत. पहिला नग ओके होईपर्यंत मशिन थांबवण्याचा नियम.
- पीडीआय रिपोर्ट, पीपीएपीसाठी डायमेन्शनल रिपोर्ट, एक्सेलमध्ये रिजेक्शनचा पॅरेटो, एक्स-बार आर चार्टच्या नोंदी. दोन ग्राहक तक्रारींच्या ८डी टीममध्ये सदस्य.
- प्रशिक्षण झालेलं: एमएसए, एफएमईए.

सीएमएम हा शब्द गेला. त्याला वाईट वाटलं, कारण तो शब्द शोधला जातो. पण सीएमएमच्या जागेसाठी बोलावलं असतं, मशिनसमोर उभं केलं असतं आणि दहा मिनिटांत परत पाठवलं असतं. भोसरीहून रांजणगावला जाऊन येण्यात अख्खा दिवस मोडतो.

‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’च्या जागी दोन ओळी आल्या: डिप्लोमा मेकॅनिकल, मशिनिंगमधल्या क्वालिटीचा सव्वादोन वर्षांचा अनुभव आणि एक वर्ष अप्रेंटिस, इन-प्रोसेस आणि पीडीआय, पुण्यात राहतो, लगेच रुजू होऊ शकतो. घाईत असलेल्या माणसाला एवढंच वाचायचं असतं.

तारखा, पेरोल आणि पीएफ

तीन महिन्यांत आलेला दुसरा फोन खऱ्या नोकरीचा होता. तो असा संपला:

‘तुम्ही अजून तिथंच आहात का?’

‘नाही मॅडम, मार्चमध्येच सोडली.’

‘मग टिल डेट कसं लिहिलंय?’

‘ते… जुनंच राहिलंय मॅडम.’

‘बरं. कळवतो.’

‘टिल डेट’ ही आळसाची चूक, आणि ती निदान फोनवर तरी उघडी पडली. तिच्या मागं तीन मोठ्या होत्या.

पहिली, कंपनीचं नाव. रेझ्युमेवर ठळक अक्षरांत कारखान्याचं नाव होतं. काम तिथंच केलं, गणवेश तिथला, गेट पास तिथला, त्यामुळे मुलाला यात खोटं काहीच वाटत नव्हतं. पण पगार कंत्राटदार देत होता आणि पीएफही त्याच्याच आस्थापनेच्या नावे भरला जात होता. नवी कंपनी बारा आकडी यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, मागते. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ संघटनेच्या, पोर्टलवर किंवा उमंग अॅपमध्ये ‘सर्व्हिस हिस्टरी’ उघडली की आस्थापनेचं नाव, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, सगळं समोर येतं. रेझ्युमेत एक नाव आणि तिथं दुसरंच. पडताळणीवाला कारखान्याच्या एचआरला विचारतो, ते सांगतात, ‘आमच्या रोलवर या नावाचा कुणी नव्हता.’ तेही खरंच बोलतात. ऑफर जाते ती इथं, आणि बहुतेकदा आधीची नोकरी सोडून झाल्यावर.

उपाय सोपा आहे, लाज वाटते म्हणून मुलं करत नाहीत. एका ओळीत पेरोलवरच्या आस्थापनेचं नाव, पुढच्या ओळीत ‘कामाचं ठिकाण’ म्हणून कारखान्याचं. चाकणच्या एचआरला हे रोजचं आहे, यावरून कुणी नाक मुरडत नाही.

दुसरी, पदाचं नाव. रेझ्युमेवर ‘क्वालिटी इंजिनिअर’, कंत्राटदाराच्या पत्रावर ‘ट्रेनी’. पत्रातलं पद आधी लिहून त्याशेजारी ‘काम: लाइन इन्स्पेक्शन’ हे चालतं. पद स्वतःहून वाढवलेलं चालत नाही.

तिसरी, तारखा. त्याने अनुभव ‘२०२१ ते आजपर्यंत’ असा सलग दाखवला होता. खरा हिशेब असा: ऑगस्ट २०२१ ते जुलै २०२२ अप्रेंटिस. ऑगस्ट ते डिसेंबर २०२२ घरी. जानेवारी २०२३ पासून नोकरी. फक्त साल लिहिलं की मधले पाच महिने झाकले जातात असं वाटतं. वाचणारे उलट समजतात: महिना लिहिलेला नाही म्हणजे काहीतरी झाकलेलं आहे. घरी तो बसून नव्हता. द्राक्षबाग आहे, फळछाटणीचा हंगाम ऑक्टोबरात येतो, वडील आजारी होते. ‘ऑगस्ट ते डिसेंबर २०२२: घरच्या शेतीचं काम’ ही एक ओळ टाकली. सांगली-तासगावकडची माणसं या पट्ट्यातल्या कारखान्यांत भरपूर आहेत. ज्याला छाटणी म्हणजे काय ते माहीत आहे तो पुढं विचारतही नाही.

अप्रेंटिसचं वर्ष वेगळं लिहायचं, नोकरीत मिळवायचं नाही. कायद्याखालच्या अप्रेंटिसला स्टायपेंड मिळतो, पीएफ कापला जात नाही, त्यामुळे सर्व्हिस हिस्टरीत ते वर्ष दिसणारच नाही. तिथं पुरावा म्हणजे अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र. काही कंपन्या ते वर्ष अनुभवात धरतात, काही नाही. ते त्यांनी ठरवायचं. आपण ‘सव्वातीन वर्षं’ असा एकच आकडा दिला आणि त्यांनी सव्वादोनच धरली, की ते वर्ष आपण फुगवलं असा अर्थ निघतो.

आणखी एक बारीक काटा: नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. पीएफच्या नोंदीत कुणीतरी वडिलांचं नाव आडनावाच्या जागी भरलेलं. रेझ्युमेवर आधारप्रमाणे नाव लिहायचं आणि पीएफमधली चूक नोकरी शोधत असतानाच दुरुस्तीला टाकायची, ऑफर आल्यावर नाही. त्या दुरुस्तीला वेळ लागतो.

या मुलाच्या सर्व्हिस हिस्टरीत सोडल्याची तारीखच नव्हती. कंत्राटदाराने भरली नव्हती आणि आता फोन उचलत नव्हता. पोर्टलवर ‘मॅनेज’खाली ‘मार्क एग्झिट’ हा पर्याय आहे. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने झाले की आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने सदस्य स्वतः तारीख टाकू शकतो. ती शेवटची वर्गणी ज्या महिन्याची, त्याच महिन्यातली असावी लागते. याची शेवटची वर्गणी मार्चच्या पगाराची होती, ३१ मार्च टाकली. एकदा टाकलेली तारीख सहजी बदलत नाही, म्हणून आधी रेझ्युमे, राजीनामा किंवा कंत्राट संपल्याचा मेसेज, आणि शेवटची पगार स्लिप शेजारी ठेवून तारखा जुळवून घ्यायच्या.

अनुभवाचं पत्र मात्र कंत्राटदाराकडून शेवटपर्यंत आलं नाही. अशा वेळी मुलं झेरॉक्सच्या दुकानातून लेटरहेड बनवून घेतात, तो थेट गुन्हा आहे. त्याऐवजी एक फाइल लावली: नेमणुकीचं पत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगार स्लिप, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट, सर्व्हिस हिस्टरीची प्रिंट, कारखान्याचा जुना गेट पास, आणि कंत्राटदाराला पत्रासाठी पाठवलेल्या दोन मेलच्या प्रती. पहिल्या मुलाखतीत एचआरला स्वतःहून सांगायचं ठरलं: ‘अनुभव पत्र मिळालेलं नाही, मागणी केलेले मेल आणि पीएफची नोंद आणली आहे.’ फाइलमध्ये सगळ्यात वर रेझ्युमे, आणि त्यातल्या प्रत्येक तारखेसमोर पेन्सिलीने लिहिलेलं, ती तारीख आतल्या कुठल्या कागदावर आहे ते.